आमचे प्रतिपक्षी किसनआप्पा

मी कॉलेजात गेलो तो ज्ञान मिळवायला नव्हे. पोळ्याच्या दिवशी आमच्या बैलजोडीला चार पावलं पुढं काढायला गेलो. होस्टेलवर हे सांगितलं तर मुलं हसतात, म्हणून मी सांगत नाही. पण गेल्या हिवाळ्यात गावाकडून आलेल्या एकाने किसनआप्पा वारल्याचं सांगितलं आणि त्या दिवशी मी जेवायला गेलो नाही. खोलीतल्या सोबत्याने विचारलं, "कोण होते तुझे?"

मी घुटमळलो. काका म्हणावं तर भावकी चार पिढ्यांपूर्वीची. गुरू म्हणावं तर त्यांना सहीसुद्धा येत नव्हती. शेवटी खरं तेच सांगितलं. "आमचे प्रतिपक्षी होते."

सोबती माझ्याकडे बघत राहिला. प्रतिपक्षी मेल्यावर उपाशी राहणारा माणूस त्याने पाहिला नसावा. त्याला समजावून सांगायला गेलो, पण मला बोलून काही सांगता येत नाही. म्हणून लिहून पाहतो.

आमचं गाव कुरुंद्याच्या पलीकडे, हळदीच्या काळ्या रानात. पोळ्याला गावातली सगळी जनावरं वेशीत बांधलेल्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखालून जातात. पहिला मान पाटलाच्या जोडीचा, त्याबद्दल तंटा नाही. तंटा दुसऱ्या मानाचा. आमचं घर म्हणे आमचा, किसनआप्पांचं घर म्हणे त्यांचा. वेस अरुंद, त्यामुळे दोन जोड्या एकदम जाऊ शकत नाहीत. जाऊ शकत असत्या तर आमच्या घरात कुणी शाळेचं तोंड पाहिलं नसतं. माझ्या आजोबांनी हा मान काठीने राखला. माझ्या वडिलांचं, आबांचं मत पडलं की दिवस बदलले, आता काठीपेक्षा वकील बरा. वकील बाहेरून आणला की तो दोन्हीकडून खातो. म्हणून घरचा वकील करायचं ठरलं, आणि घरात नांगर धरायला सगळ्यात निरुपयोगी मी होतो.

किसनआप्पांच्या वडिलांनंतर घरची सूत्रं त्यांच्याकडे आली, त्या वर्षीचा पोळा मला चांगला आठवतो. आबांनी आदल्या दिवशी भावकीतले चार धट्टेकट्टे जेवायला बोलावले होते. पाटलाची जोडी तोरणाखालून गेली. हलगी तापली. आबांनी फेट्याचा शेव खोचला आणि आव्हान द्यायला मागं वळले, तर किसनआप्पा सगळ्या गर्दीच्या मागं, चिंचेखाली उभे. बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ नीट करत होते.

"किसन्या!" आबा ओरडले.

"जा की दादा तुमी पुढं," तिकडून आवाज आला. "माझं न्हाई अजून झालं."

आबा पुढं गेले. पण घरी येऊन पुरणपोळीचं ताट समोर आलं तरी त्यांच्या कपाळावरची आठी जाईना. "यात डाव हाय," ते म्हणाले. "भांडल्याबिगर कोण सोडतं?" जेवायला बोलावलेले चौघे मात्र खुशीत होते. काही न करता त्यांचं जेवण वसूल झालं होतं.

पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. किसनआप्पा शेवटी राहिले ते राहिलेच. केवळ पोळ्यालाच नव्हे, सगळीकडे. लग्नात ते शेवटच्या पंगतीला बसत. म्हणत, "शेवटच्या पंगतीला वाढपी शेजारीच जेवायला बसतेत. वाटंल ते मागून घ्यावं. आन वरण घट्ट झालेलं असतंय." कुरुंद्याच्या बाजारात ते पोचत तेव्हा लोक पालं काढत असत. वाटेत बैलाला थांबावंसं वाटलं की ते गाडी थांबवत, आणि त्यांच्या बैलांना फार वेळा थांबावंसं वाटे. बैल पाणी पिताना ते शीळ घालत. इतकी बेसूर शीळ मी दुसरी ऐकली नाही, पण बैल कान हलवत पीत राहत.

ते साधुबिधू नव्हते, हे आधीच सांगतो. तंबाखूची चंची कुणापुढे करताना त्यांच्या जिवावर येई. कुणी बैलाची शेपटी पिळली तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. आणि त्यांच्या निवांतपणाची किंमत त्यांच्या घरात दुसरंच कुणी भरत होतं. त्यांची बायको राधाकाकू पुसेगावची, मानकऱ्याच्या घरातली. पोळ्याला वेशीजवळ बायका उभ्या राहत, तेव्हा तिला शेवटपर्यंत थांबावं लागे. तोवर ओवाळणीच्या ताटातला दिवा तिला दोनदा लावावा लागे, आणि आजूबाजूच्या बाया घरी गेलेल्या असत. एकदा मी मोठ्या भक्तिभावाने म्हणालो, "काकू, आप्पांचं मन किती शांत आहे!"

"शांत?" ती म्हणाली. "चुलीला लाकूड न्हाई म्हणलं तरी असंच हसतेत. लाकूड मलाच आणाय लागतं. तू कर लग्न शांत बाईसंगं, मग सांग मला."

एका वर्षी तिचे भाऊ पुसेगावहून काठ्या घेऊन आले. बहिणीचा मान आज मिळवूनच देतो म्हणाले. किसनआप्पांना मी रागाने थरथरताना तेव्हाच पाहिलं. ते दारात आडवे उभे राहिले. "मान पायजे त तुमच्या गावात घ्या," ते मेहुण्यांना म्हणाले. "आज माझ्या बैलाच्या आसपास काठी दिसली त मी पावणारावळा पाहणार न्हाई." मेहुणे चिडून न जेवता निघून गेले. राधाकाकूने भावांची ताटं तशीच उचलून ठेवली. गावात त्या दिवसापासून किसनआप्पांना भित्रा म्हणायला कुणाची जीभ अडखळेनाशी झाली. मेहुण्यांपुढे उभं राहायला जे लागलं त्याला काय म्हणायचं, याचा विचार कुणी केला नाही. मीही नाही.

मी त्या काळात हैदराबादेत इंटरच्या वर्गात होतो. जगात मोठी लढाई चालू होती, होस्टेलवर रॉकेल पुरवून वापरावं लागे, आणि उजेड नाही ही माझी अभ्यास न करण्याची सबब होती. गावात मात्र मला आतापासूनच सगळे "वकीलसाब" म्हणत. मीही सुटीत गावी आलो की डोक्यावर टोपी जरा तिरकी ठेवी. त्या उन्हाळ्यात निकाल लागला. मी नापास झालो. बाकी सगळ्या विषयांत कसाबसा निघालो आणि तर्कशास्त्रात अडकलो. जो मुलगा वाद जिंकायला पाठवला होता तो नेमका वादाच्या शास्त्रात आपटला.  "वकीलसाब" म्हणणाऱ्या एका गड्याला आबांनी कारण नसताना झापलं.

मी फार दुःखी झालो. आणि माझ्यासारखा शिकलेला माणूस दुःखी झाला की तो साधं रडत नाही. मी ठरवलं की बाहेरचं यश खोटं आहे, आता आतली शांती मिळवायची. हे मी ज्या तावातावाने ठरवलं त्या तावातावाने अभ्यास केला असता तर पास झालो असतो. मनात असंही होतं की परीक्षेत नाही तर नाही, निदान शांतीत तरी गावात पहिला यावं.

रोज सकाळी मी ओढ्याकाठी करंजाखाली मांडी घालून डोळे मिटून बसू लागलो. डोळे मिटले की तर्कशास्त्राची प्रश्नपत्रिका दिसे. करंजाखाली मुंगळे फार. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी ओठ चावून सहन करत असताना जवळ कुणी तरी थांबलं.

"काय रे पोरा, पोट दुखून राहिलं का?" किसनआप्पा होते. मागं त्यांचे दोन्ही बैल.

"नाही आप्पा. शांत बसलोय."

"बरं बरं." ते थोडं लांब बसले. तंबाखू मळली. मला विचारली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "झालं का?"

"काय?"

"शांत."

"अजून नाही."

"मग होऊ दे सावकाश. मी जनावरं पाजून येतो."

त्यांची ती बेसूर शीळ ऐकू येऊ लागली आणि मी उठलो. पाय बधिर झाले होते. लंगडत त्यांच्याजवळ गेलो आणि होता नव्हता तेवढा धीर करून विचारलं, "आप्पा, तुमचं मन शांत कसं राहतं?"

"कोण म्हणतं राहतं म्हणून? काल भाजीत मीठ नव्हतं त मी ताट ढकललं. इचार तुझ्या काकूला."

"मग तुम्ही मान का सोडला?"

ते बैलाकडे वळले. बैलाच्या पाठीवरून पाणी निपटत राहिले. मग सहज सांगावं तसं म्हणाले, "तुझा आजा आन माझा बाप भिडले त्या साली मी पोरगं होतो. आमचा मोत्या वेशीत दाबला गेला. शिंग मोडलं त्याचं. रगत थांबंना. हळद भरली, चुना भरला. वर्साचा एक दिस बैलाचा, आन त्याच दिशी बैलाचं शिंग मोडलं. पुढं तो जगला, पण औताला डोकं वाकडं करून चालायचा. माझा बाप म्हणं, पुढच्या साली बघून घिऊ. मी मोत्याकडं बघायचो." त्यांनी बैलाची मान थोपटली. "मागं राहून पाहिलं मग. मागं लई जागा असते."

एवढंच. ती लढाई आमच्या घरी मी शंभरदा ऐकली होती. आजोबांनी काठी कशी फिरवली, कोण कसा पळाला, सगळं. आमच्या गोष्टीत बैल कधीच नव्हता.

यानंतर मी शहाणा झालो असं लिहायला आवडलं असतं. प्रत्यक्षात पुढच्याच महिन्यात मी आबांबरोबर वसमतच्या कोर्टात गेलो. आबांनी दावा लावलाच होता. मी म्हणालो, "आबा, ते तर मान सोडूनच बसलेत. दावा कशाला?"

"तो सोडून बसला. उद्या त्याचा जावई येईल. कागद पायजे," आबा म्हणाले. तर्क बिनचूक होता. ते परीक्षेला बसले असते तर पास झाले असते.

मी नापास झालेला असलो तरी घरचा वकील म्हणून माझी हजेरी हवी होती. माझ्या अंगातला काळा कोट उन्हात तापला होता. कोर्टाचं कामकाज उर्दूत. मुन्सिफसाहेबांनी किसनआप्पांना विचारलं, समोरच्याचा दावा कबूल आहे का.

"कबूल," किसनआप्पा म्हणाले.

आमचे वकील शेरवानी सावरत युक्तिवादाला उठले होते, ते अर्धे उठलेले तसेच राहिले. साहेबांना खरं वाटेना. त्यांनी पुन्हा विचारलं. "कबूल." कुणी धमकावलं तर नाही ना, असं विचारून तिसऱ्यांदा विचारलं. "कबूल साहेब. लई तकलीफ नका घिऊ." दाराशी उभा असलेला म्हातारा चपराशी शेजारच्याला म्हणाला, "लो, निकाह हो गया!" सगळं कोर्ट हसलं. मुन्सिफसाहेबही हसले. फक्त आबा हसले नाहीत. ते आमच्या वकिलाच्या कानाशी लागून म्हणत होते, "त्याला उलट इचारा की काही! असं कसं कबूल? काही तरी इचारा!"

निकाल आमच्या बाजूने लागला. परतताना किसनआप्पांची गाडी आमच्या मागं होती. आबा वाटभर मागं वळून बघत होते, आणि मागं ते शीळ घालत होते.

मग पोळा आला. आबांनी बैलांना नव्या झुली केल्या, शिंगं रंगवली, वसमतहून वाजंत्री आणवले. निकालाचा कागद त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवला होता. वेशीत गाव जमलं. पाटलाची जोडी तोरणाखालून गेली. आता आमची. वाजंत्र्यांनी सूर धरला. आबांनी कासरा उचलला, मागं वळून पाहिलं आणि थांबले.

"किसन्या कुठाय?"

"ओढ्यावर," कुणी तरी म्हणालं. "बैल धुऊन राहिले अजून."

आबा उभेच. पाटील म्हणाले, "चाल की बाबा, अमावस्या सरंल." आबांनी कासरा गड्याच्या हातात दिला आणि नव्या फेट्यासकट ओढ्याकडे चालू लागले. मला वाटलं आता मारामारी. अशा वेळी वकील सोबत असावा म्हणून मी मागून गेलो, पण जरा अंतर ठेवून.

किसनआप्पा गुडघाभर पाण्यात उभे होते.

"किसन्या, तिकडं सारा गाव खोळंबला."

"माझ्यासाठी? माझी पाळी त शेवटची."

"तू बघायला पायजे," आबा म्हणाले.

"काय?"

आबा पाण्याकडे बघत म्हणाले, "मी पुढं जातो ते."

किसनआप्पा हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. आबांकडे त्यांनी नीट पाहिलं. आजारी माणसाकडे पाहावं तसं. म्हणाले, "येतो दादा. ह्याचे पाय राहिलेत तेवढे होऊ दे. चिखल वाळला की निघत न्हाई."

आबा काठावर उभे राहिले. वेशीकडून सनईचा तुकडा येई आणि बंद पडे. मग आबांनी जोडे काढले, धोतर वर खोचलं आणि पाण्यात उतरून दुसऱ्या बैलाचा पाय घासायला घेतला.  मी काठावर काळा कोट घालून उभा होतो आणि मला कुणी काही सांगत नव्हतं.

आम्ही परतलो तोवर वाजंत्री बिड्या ओढायला बसले होते. ते घाईघाईने उठले. किसनआप्पा जाऊन चिंचेखाली उभे राहिले, आबांना स्पष्ट दिसतील असे. आबा बैलांसह तोरणाखालून गेले. लोकांनी हाळी दिली. झालं. मला वाटतं त्यात बिडीचा एखादा झुरका ओढण्याइतकाही वेळ गेला नसेल. तीन पिढ्या ज्याच्यासाठी भांडल्या ते एवढंसंच होतं, हे आबांच्याही तोंडावर दिसलं.

दर वर्षी आबा तिथून सरळ घरी जात. त्या वर्षी ते वेशीच्या पलीकडे दगडावर बसून राहिले, शेवटची जोडी येईपर्यंत. ती आली तेव्हा तोरणाची पानं पोरांनी निम्मी ओरबाडली होती. किसनआप्पांचा बैल तोरणाखाली थांबला, तोंड वर केलं आणि लोंबणारं एक पान सावकाश खाल्लं. त्याला कुणी मागून ढकललं नाही, मागं कुणी नव्हतंच. राधाकाकूने दिवा पुन्हा लावला. आबा उठले आणि तिला म्हणाले, "वहिनी, वारं हाय. मी आडोसा धरतो." तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि पदर सावरून ताट पुढं केलं.

त्यानंतर आबांनी मानाचा विषय काढला नाही. दिवाळीनंतर मी पुन्हा परीक्षेला बसायला हैदराबादला निघालो, तेव्हा म्हणाले, "वकील व्हायचं असलं तर हो. नसलं तर नको होऊ." माझ्या पायाखालची जमीनच सरकली. आयुष्यभर एका कारणाने शिकत आलो आणि ते कारणच कुणी तरी ओढ्यात धुऊन टाकलं. आता शिकायचं तर कशासाठी, हे मला माझं मलाच ठरवावं लागणार होतं, आणि त्या विषयाची मला मुळीच तयारी नव्हती.

वसमतला आगगाडी पकडायची होती. आबा गाडी हाकत होते, मी ट्रंकेवर बसून तर्कशास्त्राची उजळणी करत होतो. पांदणीत शिरलो. पांदण म्हणजे दोन उंच बांधांमधली वाट, एकच गाडी मावेल एवढी. अर्ध्यात गेलो तर समोरून कडब्याने भरलेली गाडी. शीळ ऐकूनच कळलं कोण ते.

"थांबा दादा," किसनआप्पा उतरत म्हणाले. "मी घेतो मागं. पोराला गाडी गाठायची असंल."

"तुझी भरलेली हाय. मी घेतो."

"न्हाई न्हाई. माझ्या बैलाला सवय हाय."

"मागं घ्यायची सवय आमालाबी लागू दे की," आबा म्हणाले आणि गाडी हाताने मागं रेटायला खाली उतरून बैल सोडू लागले. तिकडे किसनआप्पांनीही सोडले. आता दोन्ही गाड्या मध्ये उभ्या, चारही बैल मोकळे, आणि दोघंही एकमेकांना म्हणत होते, तू जुप आधी.

"आबा, गाडी चुकेल," मी म्हणालो.

"बस जरा," आबा म्हणाले. "बोलून राहिलो ना."

ते बांधावर बसले. किसनआप्पांनी चंची काढली आणि जरा कुरकुरत का होईना, आबांपुढे केली. पलीकडे दूर गाडीची शिट्टी झाली.

"गेली वाटतं," आबा म्हणाले.

"गेली," किसनआप्पा म्हणाले. "उद्या दुसरी यील."

मला आधी राग आला. मग पुस्तक मिटून मीही ट्रंकेवरून खाली उतरलो आणि त्यांच्याशेजारी बांधावर बसलो. मला कुणी तंबाखू विचारली नाही. मुंगळे तिथेही होते.

किसनआप्पांना मी पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. पुढच्या सुटीत मी गेलो तेव्हा ते लेकीकडे गेले होते, आणि त्यानंतर ती बातमीच आली. पण आठवायचं म्हटलं की ती पांदण दिसते. दोघं उठलेत, कडब्याची काडं झटकताहेत, पुन्हा एकमेकांना "चाल, तू हो पुढं" म्हणताहेत, आणि चारही बैल माना खाली घालून बांधावरचं गवत खाऊन राहिलेत.